सहा अंश

दस्तगीर मिस्त्रींचं पत्र मी ग्रंथालयातल्या टेबलाशी उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा घडी घातली आणि खणात कार्डांच्या गठ्ठ्यामागे ठेवून दिलं. अंतर्देशीय पत्र होतं. निपाणीचा शिक्का, अक्षर त्यांच्या मुलीचं, वर्ष चौऱ्याण्णव. मिस्त्रींनी त्यात एक गोष्ट विचारली होती. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी मी त्यांच्या गाळ्यात आलो, थोडा वेळ उभा राहिलो आणि काही न बोलता परत गेलो. तेव्हा मी काय सांगायला आलो होतो?

उत्तर लिहायला मी घेतलं नाही असं नाही. चार-पाच वेळा घेतलं. दर वेळी पहिल्या वाक्याशी अडलो आणि उद्या लिहू म्हणून उठलो. निवृत्त झालो तेव्हा खण रिकामा करताना ते पत्र पिशवीत टाकून घरी आणलं, आणि त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मी कोल्हापुरात एका तंत्रनिकेतनात ग्रंथपाल होतो. मोटारीतलं मला काही कळत नाही, गाडी चालवताही येत नाही. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात मला ते कळतं असं धरून चालणारी माणसं होती, आणि त्यांचा समज मी मोडला नाही.

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारची वेळ, ग्रंथालयात पंख्याखाली दोन विद्यार्थी झोपलेले. दारात एक चाळिशीचा माणूस चपला काढून उभा राहिला. खाकी शर्ट, हात कोपरापर्यंत धुतलेले, पण नखांत काळं.

"आतमधी इंग्रजी वाचणारं कोण हाय का?" त्यांनी विचारलं.

"काय वाचायचंय?"

त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. पुण्याहून कॅमशाफ्ट घासून आणला होता, त्याच्याबरोबर आलेला आकड्यांचा तक्ता होता तो. इंग्रजी मला वाचता आलं, अर्थ लागला नाही. तसं मी सांगितलं.

"मग दोघं मिळून लावू की," ते म्हणाले. "तुम्ही अक्षर सांगा, मी अर्थ सांगतो."

त्यांचं नाव दस्तगीर शिकलगार. उद्यमनगरात एका वेल्डिंगवाल्याबरोबर अर्धा गाळा घेऊन इंजिनं बांधायचे. फाउंड्रीवाल्या इंगवल्यांचा धाकटा मुलगा रणधीर याला डिसेंबरात घाटातल्या चढणीच्या शर्यतीत उतरायचं होतं. त्यासाठी एक जुनी फियाट घेऊन तिचं इंजिन मिस्त्री नव्यानं बांधत होते. सिलिंडर मोठे केले होते, हेड घासलं होतं, आणि आता हा नवा कॅम. रणधीरनं शब्द दिला होता, गाडी पहिल्या तिघांत आली तर शर्यतीच्या इंजिनांसाठी वेगळी शेड काढायची आणि तिच्यावर पाटी मिस्त्रींच्या नावाची. पाटीचं त्यांनी मला तिसऱ्याच दिवशी सांगितलं. दोन वेळा सांगितलं.

कॅमशाफ्टचं काम मला त्यांनी असं समजावलं: "हा वॉल्व्हचा मुकादम. कवा उघडायचं, कवा मिटायचं, ह्यो सांगतो. पिस्टन वर येतोय आन् वॉल्व्ह अजून उघडाच, असं झालं तर दोघांची टक्कर. साध्या गाडीत मधी जागा असती, चूक खपती. ह्या इंजिनात आपण सगळी जागा खाऊन टाकलीया. ह्यात दोन-चार अंश म्हंजी लई झालं."

"मग तुम्ही एरवी कसं लावता?"

"खुणंला खूण. चेनच्या दोन चाकांवर ठिपके असत्यात, ते समोरासमोर आणायचे. मग दोन वॉल्व्हवर दोन बोटं ठेवून इंजिन हातानं फिरवायचं. बोटाला कळतं." ते जरा थांबले. "पन ह्यो कॅम नवा हाय. बोटाला ह्याची वळख न्हाई."

म्हणून पुस्तक. आमच्याकडे एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, कुणी कधी नेलेलं नव्हतं. त्यात अंश मोजून कॅम बसवण्याची रीत होती. मी आठ दिवस ते घरी नेऊन वाचलं. ड्रॉइंगच्या जाड कागदावर तीनशे साठ अंश आखले आणि तो कागद प्लायवूडच्या गोल चकतीवर चिकटवला. आयुष्यात मी हातानं केलेली ती बहुधा एकमेव उपयोगी वस्तू. मिस्त्रींनी ती उजेडात धरून बघितली.

"मास्तर, ह्ये तर देवळात लावायसारखं झालंय."

"मी मास्तर नाही हो. ग्रंथपाल."

"तेच ते."

शनिवारी दुपारी मी गाळ्यात गेलो. इंजिन लोखंडी घोडीवर चढवलेलं होतं. पुढच्या बाजूला चेन आणि चाकं, तिथे मिस्त्री पाने घेऊन बसले. ती बाजू त्यांना मोकळी हवी होती, म्हणून चकती मागच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, लावली आणि मी मागे, भिंतीकडच्या फटीत, डब्यावर बसलो. आमच्यामध्ये इंजिन. मला त्यांचं कपाळ दिसायचं, हात दिसायचे नाहीत.

रणधीर मधून मधून येऊन जायचा. अठ्ठावीसचा, अंगानं दणकट, बोलताना दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारायची सवय.

"काय मास्तर, चकतीसमोर नारळ फोडायचा का?"

मी हसलो.

"धाकटे मालक, मोजू द्या त्यास्नी," मिस्त्री आतून म्हणाले. "तुमचं काम फकस्त पाय दाबायचं हाय."

तक्त्यात आकडा होता एकशे सहा. तेवढ्या अंशांवर वॉल्व्ह पुरता उघडला पाहिजे. खुणेला खूण लावून आम्ही मोजलं तर एकशे बारा आला. पुन्हा मोजलं, एकशे बाराच. कॅम सहा अंश मागे होता, म्हणजे वॉल्व्ह उशिरा उघडत होता.

"म्हंजी पुढं घ्यायचा," मिस्त्री म्हणाले. चाकाची भोकं त्यांनी आधीच लांबट करून ठेवली होती, बोल्ट सैल करून चाकावर कॅम केसभर इकडे-तिकडे सरकवता यावा म्हणून. किती सरकवायचा त्याच्या रेघा मी सुईनं ओढून दिल्या होत्या. "कुठल्या अंगाला, तेवढं सांगा."

पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. मी समोर फ्लायव्हीलकडे बघितलं, मघापासून ते फिरताना बघत होतो.

"घड्याळाच्या उलट," मी म्हणालो.

पलीकडे पान्याचा आवाज थांबला.

"उलट?"

"हो."

"नक्की न्हवं?"

"पुस्तकात तसंच आहे," मी म्हणालो.

मग बोल्ट आवळल्याचा आवाज आला.

त्यानंतर पुस्तकाप्रमाणे सगळं पुन्हा मोजायला हवं होतं. दोन पूर्ण फेरे फिरवायचं, काटा लावायचा, आकडा एकशे सहा येतो का बघायचं. अर्ध्या तासाचं काम. पण इंजिन उचलायचा चेनब्लॉक शेजारच्या गाळ्यातून मागून आणलेला होता आणि सहा वाजता तो परत द्यायचा होता. पावणेसहा झाले होते. रणधीर दोन माणसं घेऊन दारात उभा होता.

"झालं का लगीन? लावा की गाडीत आता."

"मास्तर, परत एकदा मोजायचं का?" मिस्त्रींनी विचारलं. "पुस्तकात लिवलंय म्हणला होता."

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याला काय इचारता! चकती तुमची."

"अहो, दोनदा मोजलं की," रणधीर म्हणाला. "आता काय पत्रिका जुळवताय?"

माणसं हसली. मी चकतीकडे बघितलं. मला पुन्हा मोजायचं होतं. पण सगळ्यांना थांबा म्हणायचं, ते थांबणार, माझ्याकडे बघणार, आणि मग आकडा बरोबरच निघणार.

"ठीक असेल," मी म्हणालो.

उद्यमनगरात तेव्हा एक रीत होती. कुणी घालून दिली माहीत नाही. ज्या मिस्त्रीनं इंजिन बांधलं तो शेवटचा बोल्ट आवळला की पुढच्या झाकणावर पांढऱ्या रंगात आपला अंगठा उमटवायचा. अंगठा उमटला की इंजिन त्याचं. चाललं तर त्याचं आणि बिघडलं तरी त्याचं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून ते झाकण उघडणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर त्याला कच्चा म्हणणं. मिस्त्रींनी मला हे त्याच आठवड्यात सांगितलं होतं, अभिमानानं. मी निघालो तेव्हा ते झाकण बसवत होते.

सोमवारी सकाळी ग्रंथालयात एक विद्यार्थी ड्रॉइंगचा ट्रेसिंग पेपर टेबलावर विसरून गेला. मी तो गुंडाळायला उचलला. त्यावर कुठल्याशा पंपाचं चाक काढलं होतं आणि फिरण्याच्या दिशेचा बाण. मी पेपर मागच्या बाजूनं धरला होता. बाण उलटा होता. मी पेपर फिरवला, सुलटा झाला. पुन्हा फिरवला.

मी खाली बसलो. इंजिनाला मी मागून बघत होतो. मिस्त्री पुढून. माझ्याकडून जे घड्याळाच्या उलट, ते त्यांच्याकडून घड्याळाप्रमाणे. मी पुस्तक काढून ते पान पुन्हा वाचलं. त्यात घड्याळाचा उल्लेखच नव्हता. लिहिलं होतं, कॅम ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं पुढे घ्यावा. एवढंच मी जसंच्या तसं वाचून दाखवलं असतं तर मिस्त्रींना बरोबर कळलं असतं. ऐकणाऱ्याला सोपं जावं म्हणून घड्याळ मी घातलं होतं. सहा अंश मागे असलेला कॅम आता बारा अंश मागे गेला असणार.

असणार. कारण त्यांचा हात कुठल्या बाजूला गेला ते मी बघितलं नव्हतं. तो इतक्या वर्षांचा मिस्त्री, माझं काय ऐकतो, हातानं आपोआप बरोबर केलं असेल, असंही मनात येत होतं.

मधल्या सुट्टीत मी रिक्षा करून उद्यमनगरात गेलो. रिक्षा मी कधी करत नसे.

गाडी गाळ्याबाहेर उभी होती, बॉनेट उघडं. झाकणावर पांढरा अंगठा, वाळलेला. भोवती दहा-बारा माणसं. रणधीर नुकताच फेरी मारून आला होता आणि पेढे वाटत होता.

"या मास्तर! कमी वेगात जरा मंद वाटतीय, पन वेग धरला की काय सुटतीया! घ्या, दोन घ्या."

मी पेढा हातात घेतला. मिस्त्री इंजिनावर वाकून, मान एका बाजूला करून ऐकत होते. मला बघून त्यांनी हात पुसले आणि माणसांतून वाट काढत माझ्याजवळ आले.

"काय मास्तर? काय ऱ्हायलं का?"

ते अगदी हळू आवाजात म्हणाले, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं. मी त्यांच्याकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं. वेल्डिंगवाला जवळच उभा होता, तो म्हणाला, "मास्तर तपासायला आले वाटतं तुमचं काम!" आणि लोक हसले.

"नाही," मी म्हणालो. "सहज."

मिस्त्रींनी पुसलेले हात पुन्हा पुसले.

"बरं," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी शर्यत झाली. मी एस.टी.नं गेलो आणि दुसऱ्या वळणाच्या कठड्यामागे उभा राहिलो. फियाट खालून येताना ऐकू आली. कमी वेगात मंद होती म्हणून रणधीर प्रत्येक गिअर शेवटपर्यंत ताणत असणार. माझ्या समोरून ती गेली ती चांगलीच वेगात. वरच्या वळणावर आधी टकटक ऐकू आली, मग भांडी पडल्यासारखा एक आवाज आणि मग काहीच नाही. खालच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या.

मंगळवारी गाळ्यात हेड काढलं. मी गेलो होतो, मागे उभा होतो. एका वॉल्व्हची दांडी वाकली होती आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं होतं. दोन-तीन मिस्त्री वाकून बघून गेले.

"टायमिंग," त्यांतला एक म्हातारा म्हणाला. "अंगठा कुणाचा?"

अंगठा सगळ्यांना दिसत होता. तरी विचारायची पद्धत होती.

"माझा," दस्तगीर मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, अहो, एवढं पुस्तक-बिस्तक बघून..." रणधीर म्हणाला. तो चिडलेला नव्हता, त्याला वाईट वाटलं होतं. ते जास्त वाईट होतं.

"पुस्तकाचं काय न्हाई त्यात. हात माझा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी होतो हे त्यांना माहीत होतं. मी तेव्हा एक पाऊल पुढे टाकलं असतं तर चार माणसांना बाजूला व्हावं लागलं असतं, इतकाच मी मागे होतो.

पुढे शेड झाली, पाटी दुसऱ्या नावाची लागली. वर्षभरात मिस्त्रींकडे येणारी इंजिनं कमी झाली आणि ते निपाणीला मुलीकडे गेले, असं वेल्डिंगवाल्यानं सांगितलं. मी ते पुस्तक कपाटात परत लावून टाकलं.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जाड काठीवाले गृहस्थ येऊन बसले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली तेव्हा मी ओळखलं.

"मास्तर! जिवंत हाय म्हणायचं तुम्ही!"

रणधीर इंगवले सत्तरीला आले होते. त्यांनी स्वतःच्या मोतीबिंदूचं सांगितलं, फाउंड्री विकल्याचं सांगितलं. मग हसून म्हणाले, "ती फियाट आठवतीया का? काय दणका बसला होता!"

"मिस्त्री...?" मी विचारलं.

"दस्तगीर? हाय की निपाणीत. ब्याऐंशी वर्सांचा असंल. नजर गेली पार. जावयाच्या गॅरेजात बाकावर बसून असतो. गाडी नुसती ऐकून सांगतो, टायमिंग पुढं हाय का मागं. एक चुकत न्हाई."

"अजून काम करतात?"

"ते न्हाई. हात लावत न्हाई कशाला. निपाणीला गेल्यापासनं न्हाई लावला म्हणं. पोरगी सांगती, नजर चांगली होती तवा पन न्हाई. दुसऱ्याला सांगायचं, तू फिरव." त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. "का, कोण जाणे. एवढा हाताचा माणूस."

माझं नाव पुकारलं, मी उठलो.

का, ते मला माहीत होतं. पत्रात शेवटी चार ओळी होत्या, त्यांच्याबद्दल मी वर लिहिलं नाही. त्या अशा: "तुम्ही उलट म्हणालात तेव्हा माझा हात दुसऱ्या अंगाला निघाला होता. मी हाताला थांबवलं, कारण तुम्ही वाचलेलं माणूस. तेव्हापासून माझा हातावर इश्वास नाही. राग नाही मास्तर, फक्त हात बरोबर होता का तेवढं कळवा."

मला तीस वर्षं वाटत आलं, त्यांना दोष कुणाचा ते हवं आहे. दोष माझा असं लिहायचं धैर्य मला होत नव्हतं, म्हणून मी त्या ओळी कबुली मागणाऱ्या ओळी म्हणून वाचत राहिलो. त्यांनी दोषाबद्दल काही विचारलंच नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्यावर मी पत्र काढून वाचलं तेव्हा ते दिसलं, आणि इतक्या उशिरा दिसावं याचं मला नवल वाटलं नाही.

अंतर्देशीय पत्र अजून मिळतं. पोस्टातल्या मुलीनं ते शोधून दिलं. मी लिहिलं:

"दस्तगीर मिस्त्री यांस नमस्कार. त्या दुपारी मी सांगायला आलो होतो की दिशा चुकली आहे. मी इंजिनाच्या मागे बसलो होतो आणि तुम्ही पुढे. माझ्या बाजूनं जे उलट होतं ते तुमच्या बाजूनं सुलट होतं. पुस्तकात उलट असं नव्हतं, कॅम फिरतो त्या दिशेनं असं होतं. उलट मी म्हणालो. सोमवारी मला ते कळलं, तेव्हा गाडी उभी होती आणि झाकण अर्ध्या तासात उघडून नीट करता आलं असतं. लोक होते म्हणून मी बोललो नाही. मंगळवारीही बोललो नाही. तुमचा हात बरोबर होता. नीळकंठ हुपरीकर."

ते वाचून बघितलं. मग आठवलं, त्यांना नजर नाही, मुलगी वाचून दाखवणार. घरात, दुपारी, दोघंच असताना, हळू आवाजात. आणि मग पत्र घडी घालून कुठेतरी ठेवलं जाईल.

खाली थोडी जागा होती. तिथे मी मुलीसाठी लिहिलं: "शमीमबेटी, हे मिस्त्रींना घरात वाचून दाखवू नये. गॅरेजात, दुसरे मिस्त्री आणि गाड्यांची माणसं असतील तेव्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचावं. माझं नावही वाचावं."

कडा चिकटवल्या. टपालपेटीवर पत्रं काढायची वेळ दुपारी तीनची लिहिलेली होती. अडीचला जाऊन पत्र टाकलं.